शेऱ्याचा रकाना : रोजमेळाच्या वहीविषयी, एका हंगामानंतर

गेल्या वर्षी मृग लागला त्या आठवड्यात मी तालुक्याच्या बाजारातून रोजमेळाची, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची, एक वही विकत घेतली. बियाण्याच्या दुकानापुढची रांग हलत नव्हती आणि ऊन माथ्यावर आले होते, म्हणून मी शेजारच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात सावलीला उभी राहिले. अर्धा तास उभे राहून काहीच न घेता निघणे बरे दिसेना. आपल्याकडे रोजमेळ दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या सुमारास खपतात, जूनमध्ये त्यांना कोणी विचारत नाही. दुकानदाराने वही माळ्यावरून उतरवली, फडक्याने झटकली, १८० रुपये सांगितले आणि १६० ला दिली. लाल कापडी पाठ, जाड पुठ्ठा, २०० पाने, लांबट आकार. कंपनीचे नाव कुठेही नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या ४ एकर कोरडवाहू शेतीचा खर्च एका जागी लिहिलेला राहावा, एवढाच माझा हेतू होता. पुढे तिचा दुसराच उपयोग निघाला, आणि हे परीक्षण मुख्यतः त्या दुसऱ्या उपयोगाचे आहे.

वहीच्या प्रत्येक पानावर पाच रकाने छापलेले आहेत: तारीख, तपशील, जमा, नावे (म्हणजे खर्च) आणि शेरा. तपशिलाचा रकाना ऐसपैस आहे, जमा आणि नावे यांना पुरेशी जागा आहे, आणि शेवटचा शेऱ्याचा रकाना जेमतेम अडीच बोटे रुंद आहे. एका ओळीत दोन, फार तर तीन शब्द मावतात. व्यापारी माणूस तिथे ‘उधार’ किंवा ‘पावती मिळाली’ असे काहीतरी लिहीत असेल. मी मात्र, तसे काही ठरवलेले नसताना, तिथे स्वतःविषयी लिहू लागले.

पहिल्या तीन आठवड्यांतले शेरे आज वाचताना अवघडल्यासारखे होते. खताच्या गोण्यांपुढे ‘नेहमीप्रमाणे उशीर’, डवऱ्याच्या (कोळपणीच्या) मजुरीपुढे ‘आधी सांगायला काय झाले होते’, मोबाइलच्या रिचार्जपुढे ‘उधळपट्टी’, आणि दवाखान्याच्या १५० रुपयांपुढे ‘दुखणे अंगावर काढले, अक्कल नाही’. जुलैच्या पहिल्या आठवड्यातली नोंद सर्वांत जड आहे. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल आल्याशिवाय पेरणी करू नये, असे कृषी विभाग दर वर्षी सांगतो आणि ते मला तोंडपाठ आहे. तरीही धुऱ्यापलीकडच्या शेतात सरकी टोबून झालेली पाहिली, आणि पहिल्याच दमदार सरीवर मी २ एकर उरकून टाकले. त्यानंतर १६ दिवस आभाळ कोरडे राहिले, अंकुर जळाले आणि तेवढ्या भागात दुबार पेरणी करावी लागली. बियाण्याच्या ४ पाकिटांची रक्कम नावे टाकून शेऱ्यात मी एकच शब्द लिहिला, ‘मूर्ख’, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

त्याच आठवड्यात आमच्या बचत गटाची बैठक होती. गटाचे लेखे मी ठेवते. ‘उमेद’ या राज्य सरकारच्या बचत गटांच्या अभियानाच्या पंचसूत्रीत नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांच्या बरोबरीने नियमित लेखे हेही एक सूत्र आहे, आणि बाकीची चार सूत्रे त्याच्याच आधाराने उभी राहतात असे माझे अनुभवाचे मत आहे. त्या दिवशी एका ताईचा हप्ता आला नव्हता. तिचीही दुबार पेरणी झाली होती आणि तिनेही माझ्यासारखीच घाई केली होती. मी गटाच्या नोंदवहीत लिहिले: ‘हप्ता थकीत. कारण दुबार पेरणी. पुढील बैठकीत दोन हप्ते.’ घरी येऊन बैठकीच्या चहासाखरेचा माझा वाटा टिपायला रोजमेळ उघडला, तर समोर तेच दोन रेघांचे पान आले.

तोच पेन, तेच अक्षर, तोच आठवडा आणि तेच कारण. एका वहीत तीन शांत वाक्ये होती आणि दुसरीत एक शिवी. गटाच्या वहीत त्या ताईच्या नावापुढे मी तो शब्द लिहिला असता, तर बायांनी पुढच्या बैठकीत वही माझ्या हातातून काढून घेतली असती, आणि योग्यच केले असते. शिवाय लेखा म्हणूनही तो शब्द निकामी आहे. किती थकले, का थकले आणि केव्हा भरणार, या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर त्यात मिळत नाही. मी तोवर समजत होते की स्वतःला टोचून बोलते म्हणजे स्वतःचा हिशेब चोख ठेवते. त्या रात्री मागची पाने मोजली, तेव्हा ३१ शेऱ्यांपैकी २४ ठिकाणी फटकार होती आणि कारण केवळ ५ ठिकाणी सापडले. इतका गलथान लेखा मी गटात एक महिनाही चालू दिला नसता.

लेखे ठेवणाऱ्याला एक नियम शिकवला जातो: चुकलेली नोंद खोडरबराने पुसायची नाही, गिरवून काळीही करायची नाही, तिच्यावर एक सरळ रेघ मारायची, खालचे अक्षर वाचता आले पाहिजे, आणि बाजूला दुरुस्ती लिहायची. मी ‘मूर्ख’ या शब्दावर तशी एक रेघ मारली आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिले: ‘दुसऱ्याचे पाहून घाई. ओल पाहिली नाही. पुढल्या वर्षी वीतभर खणून पाहणे.’ एवढे मावायला मला रकान्याची सीमा ओलांडून नावेच्या रकान्यात शिरावे लागले. वहीविषयीची माझी पहिली तक्रार तीच आहे.

यानंतर शेरा कसा लिहायचा ते मी गटाच्या वहीवरून ठरवले: काय झाले, कशामुळे झाले, पुढे काय करायचे. दुसऱ्या कोणाच्या नावापुढे लिहिता येणार नाही असा शब्द स्वतःपुढेही लिहायचा नाही, एवढी एकच अट. ही अट वाचायला सोपी आहे. प्रत्यक्षात पहिले काही आठवडे पेन हातात धरून मी नुसतीच बसत असे, कारण फटकार काढून टाकली की लिहायला काही उरतच नसे. आपल्याला स्वतःविषयी मत पुष्कळ आहे आणि माहिती थोडी आहे, हे तेव्हा ध्यानात आले. ‘आळस’ हे मत आहे. ‘रात्री १ ला झोप, पहाटे नळाची पाळी’ ही माहिती आहे, आणि ती लिहिल्यावर आळसाचा विषयच राहत नाही.

वेचणीच्या दिवसांतला एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण स्वतःशी मऊपणाने वागणे म्हणजे स्वतःला सवलत देणे, असा जो आक्षेप घेतला जातो तो मलाही घ्यावासा वाटत होता. नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी कापसाचे माप चालू होते. इतर बायांची गाठोडी २५ ते ३० किलोंच्या आसपास भरत होती आणि एका मावशींचे गाठोडे ३८ किलो भरले. त्यात ओला कापूस किंवा पाला घातला असेल, असे मी सर्वांसमोर बोलून गेले. मावशी काही न बोलता वाकल्या, त्यांनी गाठोड्याची गाठ सोडली आणि कापूस माझ्या पायांपुढे पसरला. स्वच्छ, कोरडा, पांढरा कापूस होता. त्यांची लेक दुपारून मदतीला आली होती, म्हणून वजन वाढले होते. मावशींनी तो पुन्हा भरायला घेतला तेव्हा मी हात लावायला गेले, तर त्या म्हणाल्या, “राहू द्या बाई, मी भरतो.”

त्या रात्री ‘मूर्ख’ हा शब्द पेनाच्या टोकाशी आला होता. तो लिहून मी झोपले असते तर, खरे सांगायचे म्हणजे, मला बरे वाटले असते. स्वतःला शिक्षा देऊन झाली की प्रकरण मिटल्यासारखे वाटते आणि सकाळी मावशींच्या तोंडाला तोंड देण्याची गरज उरत नाही. त्याऐवजी अटीप्रमाणे लिहावे लागले: ‘मावशींवर खोटा आळ. संकष्टी, सकाळपासून पोटात काही नाही. उद्या सर्वांसमोर माफी.’ तिसरे वाक्य लिहिले गेल्यामुळे दुसऱ्या दिवशी ते करावे लागले. वेचणीला सुरुवात होण्यापूर्वी सर्व बाया जमलेल्या असताना मी मावशींची माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि ओटी बांधून तासाला, म्हणजे कपाशीच्या ओळीला, लागल्या. आमचे बोलणे पूर्ववत व्हायला पुढे आठवडा गेला, आणि तेवढा वेळ जाणे रास्तच होते. सवलत देणारी कोणती पद्धत होती, शिवीची की नोंदीची, हे मला त्या आठवड्यात पुरते कळले.

शिवाय त्या नोंदीतल्या दुसऱ्या वाक्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. मागची पाने पाहताना असे दिसले की हंगामात कोणावर तरी भडकल्याच्या ५ नोंदी होत्या आणि त्यांपैकी ४ उपवासाच्या किंवा बाजाराच्या दिवसाच्या होत्या, म्हणजे ज्या दिवशी माझे जेवण टळते अशा दिवसांच्या. माझा स्वभाव तापट आहे असे माहेरी म्हणत, सासरी म्हणतात आणि मीही ४६ वर्षे तेच मानत आले. आता मी उपवास सोडलेला नाही, पण दुपारी ३ च्या सुमारास मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खाल्ल्याशिवाय मापाच्या काट्याजवळ जात नाही. स्वभाव बदलला असा माझा दावा नाही. ‘दुपारचे शेंगदाणे’ हा शेरा त्यानंतर ११ ठिकाणी आहे, एवढेच सांगता येते.

आता एक खबरदारी सांगते, जी वहीत छापलेली नाही पण कपाशीच्या शेतात शिकता येते. गुलाबी बोंडअळीच्या पतंगांवर लक्ष ठेवण्यासाठी आम्ही हेक्टरी ५ याप्रमाणे कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावतो. एखाद्या रात्री सापळ्यात २ पतंग सापडले म्हणून कोणी फवारणीचा पंप उचलत नाही; सलग ३ रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग आले, की आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे धरतात आणि मग उपाय करतात. २०१७ च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून तर गरजेविना फवारा मारू नये हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र मी एका पतंगावर पंप उचलत होते. एक दिवस भाकरी करपली, एक कागद घरी विसरला, की सगळ्या आयुष्यावर फवारणी. म्हणून आता एखादी गोष्ट शेऱ्यात एकदा आली तर मी ती केवळ लिहून ठेवते आणि ओळीने तीनदा आली तर उपायाचा विचार करते. बहुतेक गोष्टी तिसऱ्यांदा येतच नाहीत.

या वहीचा मला सर्वांत आवडलेला गुण म्हणजे तिच्यात तारखा छापलेल्या नाहीत. यापूर्वी खताच्या दुकानातून भेट मिळालेली छापील डायरी मी दोन वेळा सुरू केली आणि दोन्ही वेळा सोडली. घरात आजारपण आले, आठ दिवस लिहिणे झाले नाही, की त्या डायरीत आठ कोरी पाने तारखेसकट उभी राहतात आणि पुढचे पान उघडायला हात धजत नाही. मुलीने मोबाइलमध्ये मनःस्थितीची नोंद ठेवणारे एक ॲप घालून दिले होते, त्याची गत याहून वाईट होती. एक दिवस चुकला की तुमची सलग दिवसांची साखळी तुटली, असा संदेश रात्री ९ ला येई, आणि तोही हसऱ्या चेहऱ्याच्या चित्रासह. रोजमेळात तारीख आपणच घालतो. ऑगस्टमध्ये सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या वेळी १२ दिवसांचा खंड पडला. वहीत १३ तारखेच्या खाली २६ तारीख आहे आणि मध्ये रिकामी ओळदेखील नाही. खंड दिसतो, पण तो अंगावर येत नाही. वही बांधणाऱ्याने हा विचार केलेला असेल असे मुळीच नाही. त्याने शाई वाचवली असेल.

दुसरा गुण गोपनीयतेचा. डायरी म्हटली की घरातल्या प्रत्येकाला ती उघडून पाहावीशी वाटते. खर्चाची वही मात्र कोणी उघडत नाही, कारण उघडणाऱ्यावरच एखादा खर्च निघण्याची भीती असते.

जमेच्या रकान्यात पैशांव्यतिरिक्त काही लिहू नये, असे मी सुचवीन. दिवसभरातल्या चांगल्या गोष्टी जमेला मांडाव्यात असा सल्ला मला मिळाला होता आणि तो मी चार दिवस पाळलाही. परंतु ‘आज सूर्यास्त छान होता’ असे जमेला लिहून पानाच्या तळाशी बेरीज करताना फार विचित्र वाटते. कापसाचे पैसे ते कापसाचे पैसे.

या प्रकारच्या लेखनाचा अभ्यास झालेला आहे, हे मला पुष्कळ नंतर वाचनातून कळले. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस रोज १५ मिनिटे लिहायला बसवले होते. ज्यांनी आपल्या आयुष्यातल्या कठीण प्रसंगाची हकिकत आणि त्याविषयीच्या भावना अशा दोन्ही गोष्टी लिहिल्या, त्यांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. अमेरिकेतल्याच मानसशास्त्राच्या संशोधक क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःविषयीची करुणा मोजण्यासाठी २६ विधानांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. त्यांच्या मांडणीत या करुणेचे तीन भाग आहेत: स्वतःशी मायेने वागणे, आपली चूक ही माणसाच्या जातीचीच चूक आहे हे ओळखणे, आणि मनात जे चालले आहे ते न फुगवता, न दडवता पाहणे. त्यांतला मधला भाग वाचला तेव्हा मला गटाच्या नोंदवहीतली ती ताई आठवली. दोघींनीही घाई केली होती, दोघींचेही अंकुर जळाले होते. तिच्या शेजारी स्वतःला बसवून पाहिल्यावरच मला माझी नोंद नीट लिहिता आली.

वहीच्या दर्जाविषयी मात्र फारसे बरे लिहिता येत नाही. कागद पातळ आहे. शाईचा पेन पावसाळ्यात फुटतो आणि मागच्या पानावरचे नावे पुढच्या पानावर जमा झाल्यासारखे दिसते, म्हणून बॉलपेनच वापरावा. साधारण ६० व्या पानाशी शिलाई उसवली आणि दोन घड्या सुट्या झाल्या. मी गोणी शिवायच्या दाभणाने आणि सुतळीने त्या पुन्हा शिवल्या; आता वही मूळच्यापेक्षा मजबूत आहे, परंतु सपाट उघडत नाही. मातीच्या भिंतीच्या कोनाड्यात ठेवणार असाल तर वाळवीसाठी कडुलिंबाचा पाला घालून ठेवा आणि दर महिन्याला बदला. पानांना क्रमांक नाहीत, ते स्वतः घालून घ्यावे लागतात. १६० रुपयांत यापेक्षा चांगली शिलाई मिळायला हवी होती.

या वहीकडून काय होणार नाही तेही स्पष्ट लिहिले पाहिजे. फेब्रुवारीत कापसाचा आणि कर्जाचा हिशेब एकत्र मांडला, त्यानंतरच्या काही रात्री अशा होत्या की कारण लिहूनही छातीवरचे ओझे हलत नव्हते आणि ‘पुढे काय करायचे’ या जागी मला काहीच सुचत नव्हते. तिसरे वाक्य सलग चार दिवस कोरे राहिले, हे वहीमुळेच मला दिसले; त्यावर उपाय मात्र वहीत नव्हता. पाचव्या दिवशी मी १४४१६ वर फोन केला. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, ती दिवसरात्र उपलब्ध असते आणि मराठीतून बोलता येते. पलीकडच्या ताईंनी मला प्रथम जेवण, झोप आणि घरात आणखी कोण जागे आहे, हे विचारले. तो क्रमांक आता वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आहे. पाच शेजारणींनी तो माझ्याकडून उतरवून घेतला आहे. कोणासाठी, हे मी विचारलेले नाही.

ज्यांना सुंदर कागदावर निवांत बसून लिहायला आवडते त्यांनी ही वही घेऊ नये. ज्यांचा दिवस खर्चाच्या आणि कामाच्या नोंदींतच जातो आणि स्वतःकडे पाहायला वेगळा वेळ निघत नाही, त्यांना ती उपयोगी पडेल, कारण मजुरीचे ३०० रुपये लिहिता लिहिता तीन शब्द स्वतःविषयीही लिहून होतात.

या मृगाला मी त्याच दुकानातून दुसरी वही आणली. भाव २०० झाला होता, १८० ला मिळाली. शेऱ्याचा रकाना दोन बोटे वाढवून नावेचा तेवढा कमी करायला बांधणाऱ्याला सांगा, असे मी दुकानदाराला सुचवले. त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिले आणि म्हणाला, “ताई, माझी सगळी गिऱ्हाइके किराणावाले आहेत. त्यांना नावेचीच जागा कमी पडते.”